आरपीजी आणि वॉरगेमची पुस्तकं वाचायची कशी (खेळायला कोणी नसलं तरी)

नवीन रूलबुक हातात आलं की बहुतेक जण एकच करतात, पहिल्या पानापासून कादंबरीसारखं वाचायला घेतात. प्रस्तावना होते, "रोलप्लेइंग म्हणजे काय" होतं, मग वंश, मग क्लास (म्हणजे पात्राचा पेशा), मग मंत्रांची यादी सुरू होते ती संपता संपत नाही, आणि साठाव्या-सत्तराव्या पानावर पुस्तक जे मिटतं ते मिटतंच. मग मनाची समजूत घालायची की ग्रुप जमला की वाचू. आणि ग्रुप काही लवकर जमत नाही, कारण चार-पाच मोठ्या माणसांना एकाच संध्याकाळी मोकळं मिळवणं किती अवघड असतं ते सगळ्यांनाच माहितीये.

माझं म्हणणं असं की ग्रुपची वाट बघत बसू नका. ही पुस्तकं वाचणं हाच एक खेळ आहे, फक्त तो हातात फासे आणि पेन्सिल घेऊन खेळायचा. मी आजवर जेवढे गेम खेळलोय त्याच्या कितीतरी पट पुस्तकं नुसती वाचलीत, आणि त्यातलं एकही वाया गेलं असं मला वाटत नाही. खाली जे लिहितोय ती माझी वाचायची पद्धत आहे, पटेल तेवढी घ्या.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी पटकन सांगतो. टेबलटॉप आरपीजी म्हणजे चार-पाच जण बसून गोष्ट रचतात, एक जण गेममास्टर म्हणजे जीएम असतो, बाकीचे एकेक पात्र चालवतात, आणि पुढे काय होईल हे नक्की नसतं तिथे फासे टाकतात. वॉरगेम म्हणजे नकाशावर किंवा टेबलावर सैन्य मांडून केलेली लढाई. दोन्ही एकाच घरातले. १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) आलं ते गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोन वॉरगेमवाल्यांनी केलेलं, एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, आणि त्यात अंतरं चक्क इंचात दिलीत, कारण टेबलावर मिनिएचर म्हणजे छोटे पुतळे मोजपट्टीने सरकवायची सवय होती. एक इंच म्हणजे भुयारात १० फूट आणि उघड्यावर १० यार्ड. हे माहीत नसेल तर ती पुस्तिका वाचताना डोकं गरगरतं, माहीत असलं की त्याच ओळीतून लेखकांचं टेबल दिसायला लागतं.

आधी फासे आणि पेन्सिल

पुस्तक उघडायच्या आधी शेजारी काय ठेवायचं ते सांगतो. फाशांचा एक सेट (चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे), नसतील तर साधे सहा बाजूंचे दोन फासेसुद्धा खूप झाले. एक मऊ पेन्सिल, खोडरबर, आणि एक वही जी फक्त ह्याच कामासाठी. मोबाइलवर फासे टाकायची ॲप्स आहेत पण मला विचाराल तर खरे फासे घ्या, टेबलावर घरंगळत जाऊन थांबेपर्यंतचा जो क्षण असतो तो ॲपमध्ये मिळत नाही.

आणि एक नियम स्वतःला घालून घ्या, पुस्तक जिथे "रोल करा" म्हणेल तिथे खरंच रोल करायचं. वाचून पुढे जायचं नाही. ह्या एका सवयीने वाचनाचा सगळा रंग बदलतो.

थोडं गणितही इथेच उरकून घेऊ, पुढे लागणार आहे. २डी६ असं लिहिलेलं असलं की सहा बाजूंचे दोन फासे टाकून बेरीज करायची. एका वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकडा सारखाच, पाच टक्के. पण दोन फाशांच्या बेरजेत तसं नसतं, ३६ पैकी ६ वेळा ७ येतो, ६ आणि ८ पाच-पाच वेळा, आणि २ किंवा १२ फक्त एकेकदा. म्हणजे ज्या गेममध्ये एकच मोठा फासा आहे तिथे काहीही होऊ शकतं आणि जिथे दोन-तीन फाशांची बेरीज आहे तिथे गोष्टी बहुतेक वेळा मधल्या रस्त्याने जातात आणि टोकाचं काही झालं तर ते लक्षात राहतं. कुठल्याही नव्या गेमचा स्वभाव ओळखायचा असेल तर मी सगळ्यात आधी हे बघतो.

सुरुवात कॅरेक्टर शीटपासून

पहिलं पान सोडा. बहुतेक रूलबुकच्या शेवटी कोरं कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती भरायचा कागद, असतं, तिथे जा. लेखकाला काय महत्त्वाचं वाटतं ते त्या एका कागदावर दिसतं, कारण शीटवर जागा कमी असते आणि ती फुकट कोणी देत नाही. कॉल ऑफ कथुलू (१९८१) ह्या भयकथांच्या गेमचं शीट बघा, त्यावर सॅनिटी म्हणजे मनाचा तोल मोजायला ठळक जागा आहे. तलवारींच्या गेममध्ये जिथे चिलखत लिहितात तिथे हा गेम तुमचं डोकं कितपत ठिकाणावर आहे ते लिहायला लावतो, म्हणजे नियमांचं एक पानही न वाचता कळलं की इथे नुकसान कुठे होणारे. पेंड्रॅगन (१९८५, ग्रेग स्टॅफर्ड) अजून भारी आहे. त्यात सरदाराच्या स्वभावाच्या तेरा जोड्या असतात, दयाळू आणि क्रूर, शूर आणि भित्रा अशा, आणि प्रत्येक जोडीची बेरीज नेहमी २०. दया १३ केली की क्रौर्य आपोआप ७. मी ते शीट पहिल्यांदा बघितलं तेव्हा कितीतरी वेळ फक्त त्या जोड्याच भरत बसलो होतो, लढाईचे नियम उघडलेच नाहीत, आणि भरून झाल्यावर समोर एक अख्खा माणूस उभा होता.

शीट बघून झालं की खेळाचा नमुना शोधा. बऱ्याच पुस्तकांत दोन-तीन पानांचा एक संवाद दिलेला असतो, जीएम असं म्हणतो, खेळाडू तसं म्हणतो. तो मोठ्याने वाचा. मग लगेच एक कॅरेक्टर बनवायला घ्या आणि अडलं की मागे जाऊन तेवढाच नियम वाचा. अशा उलटसुलट उड्या मारत पुस्तक वाचलं की दोन तासांत अर्धा गेम हातात येतो, आणि जे वाचायचं राहिलं ते का राहिलं हेही कळतं.

कॅरेक्टर बनवणं हाच स्वतंत्र गेम कसा होतो हे बघायचं असेल तर ट्रॅव्हलर (१९७७, मार्क मिलर) हुडका. अंतराळातला गेम, सुरुवातीला तीन छोटी काळी पुस्तकं होती. सहा गुण, प्रत्येकासाठी २डी६. मग वयाच्या १८ व्या वर्षी नोकरी धरायची, नेव्ही, मरीन्स, आर्मी, स्काउट्स, मर्चंट्स किंवा इतर, आणि चार-चार वर्षांच्या टर्म करत जायचं. प्रत्येक टर्मला जगला का मेला ह्याचा रोल. हो, मूळ नियमांत कॅरेक्टर बनवता बनवता मरतं, खेळ सुरू व्हायच्या आधीच.

परवा मी असं एक कॅरेक्टर केलं. फासे पडले ६, ९, ५, ८, ७, १०, म्हणजे ताकद बेताची, चपळ, दमसास कमी, हुशार, शिक्षण मध्यम आणि घराणं चांगलं. हे सहा आकडे ट्रॅव्हलरमध्ये एका ओळीत सलग लिहितात, दहाच्या जागी ए, म्हणजे ६९५८७ए. मी ह्या ओळीकडे बघून विचार केला की चांगल्या घरातली ही हुशार पण नाजूक तब्येतीची मुलगी स्काउट्समध्ये का जाईल, तिथे जगायला २डी६ वर ७ किंवा जास्त लागतात, म्हणजे ३६ पैकी २१, सगळ्या नोकऱ्यांत वाईट. दमसास ९ असता तर रोलमध्ये दोन जास्त मिळाले असते, हिचा ५. मग मला वाटलं घरातून निघायला हीच पहिली बोट मिळाली असेल. पहिली टर्म, ९, जगली, पायलट झाली. दुसरी टर्म, बरोब्बर ७, म्हणजे थोडक्यात वाचली, काय झालं असेल? मी वहीत लिहिलं, जहाजाची हवा संपत आली होती आणि बरोबरचा माणूस परत आला नाही. तिसऱ्या टर्मला जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं, पण ती गेली असती हेही दिसत होतं. फासे टाकले, ४. तिशीच्या आत संपली. ३६ पैकी २१ सलग तीनदा म्हणजे पाचात एकच जण तीन टर्म पार करतो, गणित आधीच माहीत होतं, तरी वाईट वाटलं. सगळं मिळून वीस मिनिटं, समोर कोणी नाही, आणि एक आख्खं आयुष्य वाचून झालं. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये हा मरणाचा नियम बराच मऊ केलाय, तोही चांगला आहे, पण एकदा तरी जुन्या पद्धतीने करून बघा.

तक्ते म्हणजे आटवलेली गोष्ट

लोक तक्ते बघून पान उलटतात. मी तर पुस्तकात आधी तक्ते शोधतो, कारण बरेच लेखक वर्णनात मोघम बोलतात पण तक्त्यात त्यांना नेमकं लिहावंच लागतं.

समजा एका साहसाच्या पुस्तकात मिठाची एक जुनी खाण आहे आणि वाटेत कोण भेटेल ह्याचा २डी६ चा तक्ता दिलाय. २ वर आंधळा पांढरा अजगर, १२ वर मुकादमाचं भूत. लक्ष अर्थातच ह्या दोघांवर जातं. पण ते प्रत्येकी ३६ मध्ये एकदाच येणार. मधे बघा, ६ वर गळणारं पाणी, ७ वर कंदील विझलेला खाणमजूर, ८ वर उंदीर. ही तीन मिळून ३६ पैकी १६, म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा हेच. आणि मग प्रश्न पडतो, खाण जुनी, सोडून दिलेली असं वर्णनात लिहिलंय, तर सगळ्यात जास्त वेळा मजूर कसा भेटतो? म्हणजे कोणीतरी अजून चोरून मीठ काढतंय. कंदील का विझतात? खाली हवा खराब आहे. लेखकाने ह्यातलं एक अक्षर वर्णनात लिहिलेलं नसेल, पण तक्ता ओरडून सांगतोय.

असंच राक्षसांच्या यादीचं. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये (डी अँड डीचं राक्षसांचं पुस्तक) प्रत्येक प्राण्यापुढे किती संख्येने दिसतात ते दिलंय, आणि ऑर्क नावाच्या राक्षसांपुढे आकडा आहे ३० ते ३००. मी हे कितीतरी वेळा नजरेखालून घातलं होतं आणि एके दिवशी थांबलो. तीनशे! हा दाराआड दडलेला शत्रू राहिलाच नाही, हे गाव आहे. ह्यांना रोज पाणी कुठून मिळतं, म्हातारे कुठे झोपतात, शेजारच्या टेकडीवरच्या तीनशेंशी ह्यांचं जमतं का? एका आकड्यावरून पुढचा सगळा खेळ बदलतो, लढायचं का बोलायचं इथपासून. राक्षसांचं पुस्तक वाचताना चित्र आणि हल्ला एवढंच बघू नका, संख्या बघा, राहायची जागा बघा, खजिना किती ते बघा.

सेटिंगच्या, म्हणजे खेळ जिथे घडतो त्या जगाच्या, पुस्तकात हेच काम किमतीची यादी करते. डी अँड डीच्या डार्क सन (१९९१) मध्ये जग वाळवंटाचं आहे आणि धातू दुर्मीळ, हे प्रस्तावनेत वाचलं तर वाचलं आणि विसरलं. पण यादीत नाणी मातीची भाजलेली, सिरॅमिकची आहेत आणि धातूचं हत्यार हाताला लागणार नाही इतकं महाग आहे, हे बघितलं की मग त्या जगातला माणूस गंजका खिळा सापडल्यावर काय करेल ते आपोआप सुचतं. सेटिंगची जाड पुस्तकं एका बैठकीत वाचू नका हेही इथेच सांगतो. रोज एक नोंद, एक शहर किंवा एक देव, आणि वहीत एक ओळ, इथे मी कोणाला पाठवलं असतं?

साहसं वाचताना (आणि एक इशारा)

आधी इशारा. जे साहस तुम्ही खेळाडू म्हणून खेळणार असाल ते वाचू नका. मी एकदा वाचलं होतं, फक्त पहिला भाग बघू म्हणून, आणि मग खेळताना माझ्या पात्राला काय माहीत आहे आणि मला काय माहीत आहे हे वेगळं ठेवण्यातच चार सेशन गेली, सगळे ज्या प्रसंगाला दचकले तिथे मी आधीच वाट बघत बसलेलो. जीएमला विचारा, कुठलं चालवणार आहेस, तेवढं सोडून बाकीची दुनिया मोकळी आहे.

साहस, ज्याला जुने लोक मॉड्यूल म्हणतात, ते वाचायला नकाशापासून सुरुवात करा. खोल्यांचं वर्णन नंतर. नकाशावर बोट ठेवा आणि दारातून आत चालत जा, डावीकडे की उजवीकडे ते स्वतः ठरवा, आणि ज्या खोलीत बोट पोचेल त्याच नंबरचं वर्णन वाचा. लेखकाने खोल्या १, २, ३ अशा क्रमाने लिहिल्यात पण कोणीही त्या क्रमाने जात नाही. आणि प्रत्येक खोलीत एक प्रश्न, इथे आवाज झाला तर शेजारी कोणाला ऐकू जाईल? एवढ्या एका प्रश्नाने मेलेला नकाशा जिवंत होतो.

गायगॅक्सचं कीप ऑन द बॉर्डरलँड्स नावाचं साहस कितीतरी जणांनी पहिलं म्हणून खेळलंय कारण ते डी अँड डीच्या बेसिक सेटच्या खोक्यातच यायचं. त्यात सरहद्दीवर एक किल्ला आहे आणि जवळच्या घळीत गुहा, प्रत्येक गुहेत वेगळी टोळी. किल्ल्यातल्या माणसांना नावंच नाहीत, नुसते हुद्दे, किल्लेदार, लोहार, पुजारी. पहिल्यांदा हा आळस वाटतो. पण मी पेन्सिल घेऊन एकेकाला नाव द्यायला लागलो आणि लोहाराला नाव दिल्यावर त्याची बायको आली, तिचा भाऊ मागच्या हिवाळ्यात घळीकडे गेलेला निघाला, आणि तासाभरात किल्ला माझा झाला होता. रिकामी जागा दिसली की भरा, समासात, पेन्सिलीने. कोऱ्या करकरीत पुस्तकापेक्षा पेन्सिलीने भरलेलं पुस्तक मला कधीही प्यारं.

हँडआउट, म्हणजे खेळाडूंच्या हातात द्यायचे कागद, मिळाले तर ते वेगळे काढून वाचा. कॉल ऑफ कथुलूचं मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप (१९८४) ह्या बाबतीत आजही नाव काढतं, वर्तमानपत्रातली कात्रणं, पत्रं, अगदी कापून चिकटवून बनवायची काडेपेटीसुद्धा. त्यात पुढे काय होतं ते मी अजिबात सांगणार नाही. फक्त एवढंच करा की पुस्तक वाचायच्या आधी ती कात्रणं टेबलावर पसरा आणि काय झालं असेल त्याचा तुमचा अंदाज लिहून ठेवा.

वॉरगेमचे नियम कसे पचवायचे

वॉरगेमची पुस्तकं कोरडी असतात असं म्हणतात. भाषा कोरडी असते, आतलं काही कोरडं नसतं.

सुरुवातीला हलकं काहीतरी हवं असेल तर एच. जी. वेल्सचं लिटल वॉर्स (१९१३) घ्या, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. खेळण्यातले शिपाई, स्प्रिंगच्या तोफा, पायदळ एका वेळी एक फूट चालतं आणि घोडदळ दोन. नियम थोडेच आहेत आणि त्यांच्याबरोबर एका लढाईची हकिकत दिलीये, सेनापतीच्या तोंडून सांगितलेली. आधी हकिकत वाचा, मग नियम, मग परत हकिकत. दुसऱ्यांदा वाचताना कुठल्या नियमामुळे कोण फसलं ते दिसतं. पंचांची कल्पना बघायची असेल तर त्याच्याही मागे जा, १८२४ च्या प्रशियातल्या राइसवित्झच्या क्रीगस्पील नावाच्या वॉरगेममध्ये एक पाळी म्हणजे लढाईतली दोन मिनिटं, आणि कोणाला काय दिसतंय हे पंच ठरवायचा, आजच्या जीएमचा तो खापरपणजोबा.

नकाशा आणि पुठ्ठ्याच्या सोंगट्यांच्या गेममध्ये नियम ५.२१, ५.२२ असे आकडे घालून लिहिलेले असतात. ते सलग वाचायला कोणी लिहिलेले नाहीत, कायद्याच्या पुस्तकासारखे शोधायला आहेत. आधी पाळीचा क्रम वाचा, म्हणजे एका पाळीत कोण काय कधी करतं. मग लढाईचा तक्ता. मग सिनॅरिओची, म्हणजे एखाद्या ठरावीक लढाईची, मांडणी. आणि सोंगट्या मांडून टाका. स्क्वाड लीडर (१९७७) मध्ये ही गोष्ट पुस्तकातच शिकवलीये, पहिल्या सिनॅरिओला लागतील तेवढे नियम वाचा, खेळा, मग पुढचे. हीच पद्धत कुठल्याही गेमला लावा, जरी त्या पुस्तकाने सांगितलं नसलं तरी.

लढाईच्या तक्त्यात काय नाट्य असतं ते एका उदाहरणाने दाखवतो. माझ्या तीन सोंगट्या, ताकद ४, ४ आणि ३, मिळून ११. समोरचा एकटा, ४. अकराला चार म्हणजे पावणेतीनास एक, पण बहुतेक गेममध्ये उरलेला अपूर्णांक बचाव करणाऱ्याच्या बाजूने सोडतात, म्हणजे झालं २ ला १. जुन्या बऱ्याच तक्त्यांमध्ये २ ला १ वर हल्ला करणाराच साफ व्हायची भीती असते आणि ३ ला १ ला ती जाते. म्हणजे मला फक्त एक हवाय. एक! नदीपलीकडे माझी एक मरतुकडी सोंगटी आहे, ताकद १, तिला इथे आणायचं तर पूल मोकळा सोडावा लागतो. आता जायचं की नाही? मी एकटा दोन्ही बाजू खेळत होतो आणि तरी उठून पाणी पिऊन आलो. पूल सोडला, फासा चांगला पडला, आणि पुढच्याच पाळीत मोकळ्या पुलावरून समोरची बाजू, म्हणजे मीच, आत घुसलो. एकट्याने खेळताना प्रत्येक बाजूच्या वेळी खुर्ची बदला, खरंच उठून पलीकडे बसा, तिकडून नकाशा वेगळा दिसतो.

मिनिएचर नसतील तर अडून बसू नका. डी बेलिस अँटिक्विटाटिस (१९९०, मुख्य लेखक फिल बार्कर) मध्ये एका सैन्यात फक्त १२ गट असतात, बारा पुठ्ठ्याचे तुकडे कापले तरी चालतं. दर पाळीला एक फासा टाकायचा आणि जो आकडा येईल तेवढेच हुकूम देता येतात, १ आला तर सैन्य समोर असून तुम्ही हात चोळत बसता. बार्करची भाषा अतिशय दाटून लिहिलेली असते, एका वाक्यात चार अटी, त्यासाठीच ती प्रसिद्ध आहे. असं वाक्य आलं की वाचत बसू नका, पुठ्ठ्याचे तुकडे त्या वाक्याप्रमाणे हलवून बघा, तिसऱ्या वेळी समजतं.

वॉरहॅमर ४०,००० सारख्या गेमची सैन्यांची पुस्तकं (पहिलं मूळ पुस्तक १९८७ चं, रिक प्रीस्टलीचं) लोक दोन भागांत वाचतात, गोष्टीचा भाग म्हणजे फ्लफ आणि आकड्यांचा भाग म्हणजे क्रंच. मी दोन्ही एकत्र वाचतो. गोष्टीत ज्या तुकडीची थोरवी गायलीये तिचे आकडे लगेच बघायचे, आणि ५०० पॉइंटची (प्रत्येक तुकडीची किंमत पॉइंटात असते) एक छोटी यादी करायची, जिंकायला म्हणून नाही, त्या गोष्टीतला एक प्रसंग मांडायला. आणि फ्लफ वाचताना हे सांगतंय कोण हे विसरू नका, एका बाजूचं पुस्तक त्या बाजूचीच भलामण करणार. दोन शत्रूंची पुस्तकं शेजारी ठेवून एकच लढाई वाचणं ही वेगळीच मजा आहे.

पुस्तकं घ्यायची कशी

सगळं विकत घेऊ नका, आधी फुकट मिळतं ते वाचा. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये खुले आहेत. आयर्नस्वॉर्न (२०१८) ची पीडीएफ मोफत आहे आणि ते एकट्याने खेळायला म्हणूनच उत्तम जमतं, प्रश्न विचारायचा आणि तक्त्यातून उत्तर घ्यायचं. बऱ्याच गेमचं क्विकस्टार्ट, म्हणजे ओळख करून देणारी छोटी आवृत्ती, मोफत असतं.

पीडीएफ शोधायला बरी, कागद राहायला बरा. नियम चाळायचे असतील तर पीडीएफ, पण नकाशे आणि तक्ते असलेली पानं छापून घ्या म्हणजे त्यावर लिहिता येतं. नवीन जाड पुस्तक आलं की एकदम मधे उघडू नका, दोन्ही बाजूंनी थोडी थोडी पानं दाबत मधे या, बांधणी टिकते. एरेटा म्हणजे चुकांची दुरुस्ती आधी शोधा आणि पेन्सिलीने पुस्तकातच करून टाका. एका गेमची सगळी सप्लिमेंट म्हणजे पुरवणी पुस्तकं जमवायच्या मागे लागण्याआधी मूळ पुस्तकातून किमान तीन कॅरेक्टर किंवा दोन सिनॅरिओ झालेत का ते स्वतःला विचारा. गर्प्स नावाच्या आरपीजीची सप्लिमेंट मात्र ह्याला अपवाद, ती कित्येक जण तो गेम न खेळताच घेतात, कारण एखादा काळ किंवा विषय नीट अभ्यासून मांडलेला असतो आणि शेवटी पुढे काय वाचायचं त्याची यादी असते.

जुनी, वापरलेली पुस्तकं मिळाली तर सोडू नका. मी घेतलेल्या एका जुन्या रूलबुकमध्ये एक घडी घातलेलं कॅरेक्टर शीट निघालं, कोणाचं ते माहीत नाही, चौथ्या लेव्हलचा चोर, सामानात दोरी, खडू आणि "काकाची किल्ली, कशाची ते अजून कळलं नाही" असं लिहिलेलं. हिट पॉइंटच्या (म्हणजे किती जीव उरलाय त्याच्या) चौकोनात इतक्या वेळा खोडलंय की कागद तिथे पातळ होऊन पलीकडचं दिसतं. शेवटचा आकडा २. पुढे काय झालं ते कुठेच नाही. मी त्याला वर सांगितलेल्या मिठाच्या खाणीच्या तक्त्यात ७ वर ठेवलाय, मजुराच्या जागी, कंदील विझलेला आणि किल्ली अजून खिशात.